जर्सीवरचं नाव आणि तुमचे ३ लाख

पिंपरीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ३ लाखांची एफडी मुदत पूर्ण होऊन बचत खात्यात आली आहे. यजमानांना ती रक्कम एका परदेशी क्रिप्टो अ‍ॅपच्या ‘अर्न’ योजनेत ठेवायची आहे. डॉलरशी बांधलेल्या, म्हणजे ज्याचा भाव कायम एक डॉलर राहावा अशा नाण्यावर वर्षाला ९ टक्के मिळतील असं अ‍ॅप सांगतं. कंपनीचं नाव फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर आणि एका युरोपीय फुटबॉल क्लबच्या जर्सीवर दिसतं. ‘एवढ्या मोठ्या संघाने चौकशी न करता नाव लावलं असेल का?’ असं यजमान म्हणतात. भावाचं म्हणणं नेमकं उलटं: खेळावर एवढा पैसा उधळणारी क्रिप्टो कंपनी एक दिवस बुडवणारच. घरात हातात येणारा पगार ७८,०००, गृहकर्जाच्या हप्त्यासकट खर्च ५२,०००, एसआयपी १५,०००, अडीअडचणीसाठी १.२५ लाख, मुलगी नववीत. यजमानांनी २०,००० आधीच टाकून पाहिले आहेत. कोण बरोबर, आणि काय करावं?

ताई, निर्णय आधी सांगतो: हे ३ लाख तिथे ठेवू नका. मात्र भाऊ देतात ते कारण मला पटत नाही, आणि यजमानांचं तर त्याहून नाही.

यजमानांपासून सुरुवात करू. क्लब चौकशी करतो हे खरं, पण ती स्वतःच्या पैशांची: ठरलेली रक्कम वेळेवर येईल का, आपलं नाव खराब होणार नाही ना. ग्राहकांची नाणी कंपनीच्या तिजोरीत खरोखर आहेत का, हे तपासायचं क्लबला ना कारण असतं, ना अधिकार. आणि साधी चौकशीसुद्धा कधी कधी होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीने ‘थ्रीकी टेक्नॉलॉजीज’ नावाच्या क्रिप्टो कंपनीशी भागीदारी जाहीर केली. कंपनीचे म्हणून जे अधिकारी सांगितले होते, त्यांचा इंटरनेटवर कुठेच मागमूस लागेना, तेव्हा काही दिवसांतच क्लबला करार स्थगित करावा लागला. त्याच महिन्यात बार्सिलोनानेही एका एनएफटी, म्हणजे डिजिटल मालकीचे टोकन विकणाऱ्या कंपनीशी केलेला ताजा करार मोडला. हे काही गल्लीतले क्लब नव्हेत.

करार पक्का असला तरी पैसे येतीलच असं नाही. इंटर मिलानच्या जर्सीवर ‘डिजिटलबिट्स’ हे एका क्रिप्टो प्रकल्पाचं नाव होतं. ठरलेले पैसे थकले, क्लबने अखेर ते नाव काढून टाकलं आणि जून २०२३ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना दुसऱ्याच कंपनीच्या नावाने खेळला. म्हणजे काही काळ लाखो लोक जर्सीवर एका थकबाकीदाराचं नाव पाहत होते.

याच्या उलट उदाहरण ‘टेरा’ या क्रिप्टो प्रकल्पाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेराने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाशी पाच वर्षांचा करार केला आणि सुमारे ३.८ कोटी डॉलर आगाऊ भरले. तीनच महिन्यांत, मे २०२२ मध्ये, टेराचं डॉलरशी बांधलेलं नाणं त्या दोरीतून सुटलं आणि सारा डोलारा जवळजवळ शून्यावर आला. याच नाण्यावर ‘अँकर’ नावाच्या योजनेत वर्षाला १९ टक्क्यांच्या वर व्याज दिलं जात होतं. मैदानावर नाव मात्र राहिलं, कारण पैसे आधीच भरलेले होते. तिकडे नाव निघालं, इकडे राहिलं. ठेवीदाराला दोन्हीतून कळायचं ते काहीच कळलं नाही.

एफटीएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. मायामीतल्या बास्केटबॉल स्टेडियमला १९ वर्षं नाव देण्यासाठी १३.५ कोटी डॉलरचा करार २०२१ मध्ये झाला. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि मार्च २०२४ मध्ये संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. यातली तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ग्राहकांचे दावे अर्जाच्या दिवशीच्या भावाने, डॉलरमध्ये मोजले गेले. त्या दिवशी बिटकॉइन १७,००० डॉलरच्या आत होता. परतफेड २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा भाव त्याच्या पाचपटीच्या वर गेला होता. ज्याचा एक बिटकॉइन तिथे अडकला, त्याला बिटकॉइन परत मिळाला नाही. २०२२ च्या पडत्या भावाचे डॉलर, वर काही व्याज, एवढंच.

आता भावाकडे वळू. त्यांचा संशय रास्त आहे, पण तो चुकीच्या जागी रोखलेला आहे. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरचं डिसेंबर २०२१ मध्ये ‘क्रिप्टो डॉट कॉम अरीना’ झालं. २० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा आकडा तेव्हा छापून आला होता. ती कंपनी २०२२ च्या पडझडीतून तगली. जाहिरात करणारी कंपनी बुडतेच असा नियम नाही, आणि जाहिरात न करणारी तरते असाही नाही.

जाहिरातींवरून एक अंदाज मात्र बांधता येतो. या कंपन्यांची कमाई मुख्यतः उलाढालीवरच्या फीमधून येते, आणि उलाढाल भाव चढलेले असताना फुगते. म्हणून मोठे करार शिखरावर होतात. आपल्याकडे २०२१ ची आयपीएल आणि त्यानंतरचा टी-२० विश्वचषक आठवा, दोन षटकांच्या मध्ये क्रिप्टोच्याच जाहिराती. बिटकॉइनने ६९,००० डॉलरच्या आसपासचा तेव्हाचा उच्चांक गाठला तो त्याच नोव्हेंबरात. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्येही, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातही, तेच चित्र होतं. वर्षभरात भाव १६,००० च्या घरात आला आणि २०२३ च्या सुपर बोलमध्ये क्रिप्टोची एकही जाहिरात नव्हती. मैदानावर ही नावं दाटीने दिसू लागली की भाव बहुधा आधीच बराच वर गेलेला असतो, आणि जाहिरात पाहून येणारा गिऱ्हाईक उशिरा आलेला असतो.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, क्रिप्टोच्या जाहिरातीत ठळक इशारा सक्तीचा केला: ही उत्पादनं नियमनाबाहेरची आणि अत्यंत जोखमीची आहेत, नुकसान झाल्यास दाद मागायला नियामक नसू शकतो. छापील जाहिरातीत किमान एक पंचमांश जागा, चित्रफितीत किमान पाच सेकंद. बीसीसीआयनेही २०२५ मध्ये भारतीय संघाचा नवा प्रायोजक शोधताना क्रिप्टो कंपन्यांना दार बंद ठेवलं. युरोपातल्या जर्सीवर आणि एफ-वनच्या गाडीवर मात्र नुसतं नाव असतं, खाली इशारा नसतो. तुमचे यजमान तेच पाहत आहेत.

मुख्य अडचण त्या ‘अर्न’ योजनेत आहे. ती बँकेची ठेव नाही. एफडीला ठेव विमा महामंडळाचं प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. इथे काहीच नाही. ‘अर्न’मध्ये तुम्ही नाणी कंपनीला वापरायला देता आणि ती पुढे कर्जाऊ देते. ‘सेल्सियस’ नावाची अशीच व्याज देणारी कंपनी होती. १२ जून २०२२ ला तिने पैसे काढणं बंद केलं आणि महिन्याभरात दिवाळखोरी जाहीर केली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन न्यायालयाने सांगितलं की ‘अर्न’ खात्यातली नाणी कंपनीच्या मालकीची आहेत, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींत तसंच लिहिलं होतं. ठेवीदार एका फटक्यात विनातारण कर्ज दिलेल्यांच्या रांगेत जाऊन बसले.

म्हणून अ‍ॅपच्या अटी उघडा आणि ‘टायटल’ (मालकी), ‘लेंड’ (कर्जाऊ देणं), ‘प्लेज’ (तारण ठेवणं) हे तीन इंग्रजी शब्द शोधा. नाण्याचा ‘टायटल’ कंपनीकडे जातो, किंवा ती तुमची नाणी ‘लेंड’ वा ‘प्लेज’ करू शकते असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही गुंतवणूकदार नसून कंपनीला कर्ज देणारे आहात. कंपनी ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’ दाखवत असेल तर ते किती नाणी आहेत हे सांगतं. देणी किती, हे त्यावरून पूर्ण कळत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? एफडीला साडेसहा टक्के धरले तर ३ लाखांवर वर्षाला १९,५००, अ‍ॅपचे २७,०००. फरक ७,५०० रुपयांचा, तोही नाणं डॉलरला चिकटून राहिलं आणि अ‍ॅप चालू राहिलं तर. त्यातून खरेदी-विक्रीच्या भावातली तफावत आणि फी वजा करा. ७,५०० साठी ३ लाखांची मुद्दल विनातारण कर्ज म्हणून द्यावी असं मला वाटत नाही.

परदेशी अ‍ॅपची आणखी एक पंचाईत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययू-इंडियाने, म्हणजे काळ्या पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेने, नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा दिल्या, त्यांची संकेतस्थळं बंद करायला सांगितलं, आणि जानेवारीत ती भारतातून उघडेनाशी झाली. त्यातल्या बायनान्सने पुढे नोंदणी केली आणि १८.८२ कोटींचा दंडही झेलला. तेव्हा तुमचं अ‍ॅप नोंदलेलं आहे का, हे आधी पाहा. पण ‘एफआययू नोंदणीकृत’ म्हणजे पैसे सुरक्षित, असा अर्थ काढू नका. ती नोंदणी मनी लाँडरिंग रोखण्यासाठी आहे. बुडालेले पैसे एफआययू परत देत नाही.

देशी कंपनी निवडली की प्रश्न संपला, असंही नाही. वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ ला हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, तेही सिंगापूरच्या न्यायालयातून योजना मंजूर होऊन.

आता कर. नफ्यावर ३० टक्के, वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. समजा एका नाण्यात १ लाखाचे १.५ लाख झाले, दुसऱ्यात १ लाखाचे ६०,००० राहिले आणि दोन्ही विकलं. हातात निव्वळ नफा १०,०००. कर मात्र पहिल्या ५०,००० वर, म्हणजे १५,६००. कमावले दहा, भरले साडेपंधरा! शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, इथे २,१००. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.

तुमच्या ३ लाखांचं मी असं करेन. सहा महिन्यांचा खर्च ३.१२ लाख होतो, तुमच्याकडे १.२५ लाख आहेत. म्हणून १.८७ लाख आधी तिथे: स्वीप-इन एफडीत (बचत खात्याला जोडलेली, गरजेपुरती आपोआप मोडणारी) किंवा ५०-५० हजारांच्या तीन आणि उरलेल्याची एक, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. उरलेले १.१३ लाख मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी तीन वर्षांच्या एफडीत. हे पैसे कधी लागणार ती तारीख ठरलेली आहे, म्हणून इक्विटीतही नकोत, क्रिप्टो तर दूरच. दर महिन्याला एसआयपी जाऊन ११,००० उरतात. यजमानांना हौस असेल तर त्यातून महिना २,०००, एकूण २५,००० च्या पुढे नाही, बिटकॉइनसारखं मोठं नाणं, ‘अर्न’ बंद. क्लबचे फॅन टोकन, म्हणजे चाहत्यांसाठी काढलेली क्लबच्या नावाची नाणी, घेऊ नका. संघ जिंकला म्हणून टोकनधारकाला क्लबच्या कमाईत वाटा मिळत नाही.

राहिले ते २०,०००. आज संध्याकाळीच ५,००० काढायला सांगा, आणि बँकेत जमा झालेली रक्कम किती दिवसांत, किती कापून आली, ते लिहून ठेवा. अ‍ॅप रुपयांत पैसे देत नसेल आणि ‘पी-टू-पी’वर एखाद्या अनोळखी खरेदीदाराला नाणी विकायला सांगत असेल, तर पगाराचं खातं त्यात अजिबात देऊ नका. समोरच्याने पाठवलेले पैसे कुठल्या सायबर फसवणुकीतले निघाले, तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं, आणि गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर तोही बाउन्स होतो. पैसे सरळ आले तर उरलेले १५,००० ‘अर्न’मधून सोडवून घ्या, मुदतबंद योजना असेल तर मुदत कधी संपते ते पाहा आणि आपोआप नूतनीकरणाचं बटण बंद करा. बाहेर पडण्यापूर्वी सगळ्या व्यवहारांचं स्टेटमेंट उतरवून घ्या. तोट्यात विकलं तरी विवरणपत्रातल्या व्हीडीए (क्रिप्टोसारखी आभासी डिजिटल मालमत्ता) परिशिष्टात प्रत्येक विक्री दाखवावीच लागते, आणि अ‍ॅप बंद पडल्यावर खरेदीची तारीख आणि भाव कुठून आणणार?