पेसमेकर आहे, म्हणून एमआरआय नाही?

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटच्या तपासणीत बघतात ते प्रथिन) वाढल्याने प्रोस्टेटचा एमआरआय सांगितला, पण पेसमेकर म्हटल्यावर स्कॅन सेंटरने नकार दिला. पुढे रेडिएशनही लागेल म्हणतात. काय करावं?

उत्तर : एका नकारावर थांबू नका. पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड शोधा. त्यावर यंत्राचं आणि त्यापासून हृदयात जाणाऱ्या तारांचं मॉडेल असतं. एमआरआयला दोन्ही चालणारी हवीत. सगळे यंत्राचंच बघतात! जुनी, वापरात नसलेली तार आत राहिली असेल तर आवर्जून सांगा. स्कॅनआधी तंत्रज्ञ प्रोग्रॅमरने (पेसमेकरचं सेटिंग बाहेरून बदलणाऱ्या उपकरणाने) पेसमेकर एमआरआय मोडवर, म्हणजे स्कॅनपुरत्या सेटिंगवर टाकतो, स्कॅन संपेपर्यंत ईसीजी आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात, मग मूळ सेटिंग परत करतात. ते परत केलंय, याची खात्री केल्याशिवाय बाबांना घरी नेऊ नका.

रेडिएशनची काळजी त्यामानाने कमी. प्रोस्टेट ओटीपोटात, यंत्र छातीत. थेट मारा होत नाही. मात्र १० एमव्हीपेक्षा (मेगाव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं माप) जास्त ऊर्जेच्या किरणांमुळे न्यूट्रॉन तयार होतात आणि यंत्राचं सेटिंग बिघडू शकतं. ६ एमव्हीवर भागेल का, विचारा. प्रोस्टेटसाठी हार्मोनची इंजेक्शनं ठरली, तर त्यांचा हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी हृदयरोगतज्ज्ञांना नक्की कळवा.