वाचकांचे प्रश्न : अस्त्रे, शस्त्रे आणि शंख

आमच्या दशावतारी नाटकात अश्वत्थामा धनुष्याला बाण लावून ब्रह्मास्त्र सोडतो. एक जुने कलाकार म्हणतात, बाण नको, गवताची काडी घ्या. खरे काय? (कुडाळ)

जुन्या कलाकारांचे ऐका. महाभारताच्या सौप्तिकपर्वात हा प्रसंग गंगेच्या काठी घडतो. अश्वत्थामा व्यासांजवळ बसलेला आहे, अंगाला तूप माखलेले, कुशाचे वस्त्र, सर्वांग धुळीने भरलेले. भीम चालून येतो, मागे कृष्ण आणि अर्जुन दिसतात. घाबरलेला अश्वत्थामा डाव्या हाताने गवताची काडी उचलतो, तिच्यावर अस्त्र मंत्रतो आणि 'अपांडवाय', म्हणजे पांडव नाहीसे होण्यासाठी, असे म्हणून सोडतो. हातात धरून चालवायचे ते शस्त्र. मंत्राने भारून सोडायचे ते अस्त्र. म्हणून काडी पुरते. हे अस्त्र ब्रह्मशिर.

प्रयोगात डावा हात विसरू नका. मृदंग थांबवून ती काडी नुसती उचललीत तरी प्रेक्षक स्तब्ध होतील. चकचकीत मुकुट मात्र त्या वेळी नको, तुपाने चिकटलेली धूळ हवी.

अर्जुन तेच अस्त्र सोडतो, पण त्याचे शब्द ऐका: आधी गुरुपुत्राचे कल्याण असो, मग माझे आणि भावांचे, आणि हे अस्त्र त्या अस्त्राने शांत होवो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात, तेव्हा अर्जुन अस्त्र परत घेतो. व्रतस्थ नसलेल्याने ते मागे घेऊ पाहिले तर ते त्याचेच मस्तक छेदते, असा नियम. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, म्हणून ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले जाते. परत घेण्याची ही असमर्थता हाच या आख्यानाचा गाभा आहे. अभिनयाचा जोर तिथे द्या.

अश्वत्थाम्याच्या मस्तकावरच्या मण्याबद्दलही विचारले आहे. महाभारतात अश्वत्थामा तो स्वतः काढून देतो. अर्जुन तलवारीने केसांसकट कापून घेतो ते भागवतात. दोन्ही एकाच प्रवेशात मिसळू नका.

परशुरामाने कोकणासाठी समुद्र हटवला तो परशूने की बाणाने? (चिपळूण)

आपल्याकडे बाण, केरळात परशू. गोव्यातल्या बाणावलीचे नावही लोक त्या बाणाशीच जोडतात. महाभारताच्या शांतिपर्वात दोन्ही नाहीत. तिथे सागर स्वतःच त्याच्यासाठी शूर्पारक, म्हणजे आजचा सोपारा, निर्माण करतो. कालिदास रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, अस्त्राने हटवलेला समुद्र म्हणतो. लोटे-परशुरामला जाताना कुठलीही कथा सांगा, पण तिचे गाव सांगून सांगा.

जत्रेत 'पांचजन्यासारखा उजवा शंख' म्हणून विकतात. ओळखायचा कसा? (मालवण)

पांचजन्य कृष्णाला समुद्रात पंचजन दैत्याला मारून मिळाला. कुरुक्षेत्रावरच्या इतर शंखांची नावे गीतेत आहेत: देवदत्त अर्जुनाचा, पौंड्र भीमाचा, अनंतविजय युधिष्ठिराचा, सुघोष नकुलाचा, मणिपुष्पक सहदेवाचा. उजवा की डावा, याचा तिथे उल्लेख नाही.

आता परीक्षा. वळसेदार टोक वर आणि तोंड आपल्याकडे करा. नेहमीच्या शंखाचे तोंड उजवीकडे येते, उजव्या शंखाचे डावीकडे. इथेच घोटाळा होतो, कारण पूजेत शंख उलटा, निमुळती चोच वर करून धरतात, आणि मग तेच तोंड उजवीकडे दिसते. म्हणून शंख कसा धरायचा हे आधी ठरवा, मगच भाव करा.

दुसरी खूण आतली. बोट तोंडातून आत घालून मधल्या खांबावर फिरवा. आपल्या समुद्रातल्या अस्सल शंखाला तिथे तीन-चार ठळक आडव्या वळ्या लागतात. उजवा म्हणून विकला जाणारा बहुतेक माल अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वेगळ्याच गोगलगायीचा असतो. तिची जात मुळातच त्या बाजूला वळते, म्हणून ती तिकडे दुर्मीळ नाही, आणि तिच्या खांबावर अशा वळ्या नसतात. बोट सरळ घसरले, तर पैसे खिशातच ठेवा.