आधी जुनं करून बघ

प्रिय —,

तुझा मसुदा परवा रात्री वाचला आणि काल पुन्हा वाचला. चौदा पानं, नेटकी भाषा, आणि शीर्षकात ‘सर्वांगीण अभ्यास’ हे दोन शब्द. ते दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. ऑनर्सच्या प्रबंधाला म्हणायला वर्ष मिळतं. त्यातून परीक्षा, आजारपण, बंद पडलेली यंत्रं आणि गाइड गावाला गेलेले आठवडे वजा कर. उरतात पाच-सहा महिने. तेवढ्यात तू पाण्यातलं सूक्ष्म प्लास्टिक मोजणार, ते अडवणारी गाळणी बनवणार आणि लोकांना त्याबद्दल काय वाटतं याच्या मुलाखतीही घेणार. म्हणजे एक प्रबंध रसायनशास्त्राचा, एक अभियांत्रिकीचा आणि एक समाजशास्त्राचा. तिन्हींची ओढ असणं मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण असा प्रबंध घेऊन गेलीस तर तिन्ही विभागांचे परीक्षक ‘आमच्याकडचं एवढंच?’ असं विचारतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

प्रश्न कुठे कापायचा हे ठरवायला मी एक साधी खूण वापरते. उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं का? ‘सूक्ष्म प्लास्टिकचा सर्वांगीण अभ्यास’ याला कुणी ‘नाही’ म्हणूच शकत नाही, कारण तो नुसता विषय आहे. ‘या पद्धतीने एक मिलिमीटरपेक्षा बारीक तंतू मोजले तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो का?’ याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. साहित्याच्या मुलांनाही मी हेच विचारते. ‘अमुक कवीच्या कवितेतली स्त्री’ हा विषय झाला. ‘दुसऱ्या आवृत्तीत कवीने बदललेले शब्द अधिक बोलीकडे झुकतात का?’ हा प्रश्न. दुसरा घेऊन बसलेली मुलगी डिसेंबरात रडत नाही. पहिला घेतलेली बहुधा रडते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. पहिले दोन महिने नवीन काहीही करू नकोस. दुसऱ्या कुणी केलेलं, उत्तर माहीत असलेलं काम स्वतःच्या हाताने पुन्हा कर.

तुझ्या बाबतीत याचा अर्थ असा. नदीवर जाऊन बाटल्या भरायची घाई सोड. स्वच्छ पाण्यात स्वतः मोजून प्लास्टिकचे वीस कण टाक आणि तू वाचलेल्या पद्धतीने ते परत काढ. वीसपैकी तेराच हाती लागले, तर उद्या नदीच्या पाण्यात तेरा सापडल्यावर तू काय म्हणशील? आणखी एक बाटली अशी ठेव की तिच्यात काहीच टाकायचं नाही. तीही तशीच गाळ आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघ. तंतू दिसतील. ते तुझ्याच कपड्यांचे असतात, हवेतून उतरतात. म्हणून हे काम करणारे लोक सुती कोट घालतात, भांडी झाकून ठेवतात आणि दर खेपेला असा कोरा नमुना सोबत चालवतात. नाइल रेड वापरणार असं तू लिहिलं आहेस. तो रंग प्लास्टिकला धरतो तसा तेलकट सेंद्रिय पदार्थांनाही धरतो. आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग नीट जिरवला नाहीस तर शेवाळाचा तुकडाही तुला प्लास्टिकसारखा चमकून दाखवेल, आणि तू तो मोजशील. तुझ्या मसुद्यात नदीचे नमुने घ्यायच्या बारा जागा आहेत, पण कोऱ्या नमुन्याचा उल्लेख एकदाही नाही.

‘पण हे तर दुसऱ्यांनी केलेलंच आहे, याला संशोधन कसं म्हणायचं?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. उत्तरादाखल मी थॉमस हर्नडनची हकीकत सांगते. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन मोठ्या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची वाढ सरासरी उणे ०.१ टक्का असते. सरकारी खर्च कापावा म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष देशोदेशी मिरवला. हर्नडन मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अ‍ॅमहर्स्टला शिकत होता. पीएच.डी.ला होता हे खरं, पण काम होतं वर्गातला गृहपाठ: छापून आलेला एखादा निबंध घ्या आणि त्यातले आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याला ते येईनात. चूक आपलीच असणार असं धरून तो पुन्हा पुन्हा बसला. शेवटी लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. काही वर्षांची आकडेवारी गळलेली होती, देशांना वजन देण्याची रीतही वादाची होती. आपल्या प्राध्यापकांबरोबर त्याने सगळं नीट लावून २०१३ मध्ये मांडलं तेव्हा उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. स्प्रेडशीटमधली चूक मूळ लेखकांनी कबूल केली, निष्कर्षाचा गाभा मात्र सोडला नाही. वाद बाजूला ठेव. ‘येत नाही’ म्हटल्यावर तो पोरगा थांबला नाही आणि त्याने कच्चा माल मागितला, एवढंच मला तुला दाखवायचं आहे.

अभियांत्रिकीचा एक मुलगा माझ्याकडे रंगीत चित्रांची जाडजूड फाइल घेऊन आला होता. छिद्रं पाडलेल्या पत्र्यावर ओढ बसली की स्ट्रेस, म्हणजे पत्र्याच्या आतला ताण, कुठे किती येतो, याचं संगणकावरचं सिम्युलेशन. लाल, पिवळा, निळा, बघत राहावं असं. मी म्हटलं, एकच छिद्र ठेव, लहान आणि गोल, पत्रा खूप रुंद घे आणि मला कडेचा आकडा सांग. त्याचं उत्तर किर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्येच काढून ठेवलंय: छिद्राच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. पोराच्या मॉडेलमध्ये आला २.४ पट. चेहरा उतरला बिचाऱ्याचा. मग त्याने छिद्राभोवतीची जाळी, म्हणजे गणितासाठी पत्र्याचे पाडलेले तुकडे, बारीक केली, आणखी बारीक केली आणि आकडा तीनच्या जवळ सरकत गेला. आधीची सगळी चित्रं टाकून द्यावी लागली. व्हायवात मात्र पहिल्याच प्रश्नाला त्याने ते जाळीचं कोष्टक पुढे केलं आणि परीक्षकांनी पुढचा अर्धा तास गप्पा मारल्या.

आणि नव्याची एवढी भूक असेल तर खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं उदाहरण घे. १९२८ मध्ये ते मद्रासला पदवीचे विद्यार्थी होते. जर्मनीहून आलेल्या सॉमरफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञांना भेटले, आणि आपण पुस्तकातून शिकलेलं पदार्थविज्ञान जुनं झालंय हे त्यांना कळलं. सॉमरफेल्ड यांनी आपल्या एका निबंधाची छपाईआधीची मुद्रितं त्यांना दिली. ती त्यांनी मुळापासून समजून घेतली आणि त्यातली कणांची नवी सांख्यिकी कॉम्प्टन परिणामाला, म्हणजे इलेक्ट्रॉनवर आदळून क्ष-किरण विखुरतात त्या घटनेला, लावून पाहिली. १९२९ साली त्यांचा हा निबंध रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापून आला, तेव्हा ते पदवीधरही झाले नव्हते. सांख्यिकी दुसऱ्याची, परिणाम तिसऱ्याचा. दोन्ही पुरते हातात आल्यावर सांधा त्यांना दिसला.

मुलाखतींचा भाग मी कापायला सांगतेय म्हणून मानव्यविद्यांना मी सोपं समजते असं मनात आणू नकोस. तो भाग तू सगळ्यात सोपा समजलीस, म्हणून कापतेय. ‘प्लास्टिकमुळे होणाऱ्या हानीबद्दल तुम्हाला किती काळजी वाटते?’ हा तुझा पहिला प्रश्न. हानी होते हे तूच सांगून टाकलंस, समोरचा काळजी नाही कशी म्हणणार? शिवाय माणसांना प्रश्न विचारायचे तर नैतिकता समितीची मंजुरी आणि त्यांची लेखी संमती आधी घ्यावी लागते, आणि त्यात दोन महिने सहज जातात.

मानव्यविद्यांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: हवाल्याचा माग काढत मुळापर्यंत जाणं. पालकात लोह भरपूर असतं हा समज एका शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, ही गोष्ट तू ऐकली असशील. शास्त्रज्ञ किती निष्काळजी असतात हे दाखवायला ती सांगतात. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टेरेन्स हॅम्बलिन यांनी ती लिहिली, आणि मग एकाने दुसऱ्याचा हवाला देत ती चालू राहिली. २०१० मध्ये माइक सटन यांनी उगम शोधायला घेतला तर दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावाच कुठे मिळेना! निष्काळजीपणाचा दाखला म्हणून सांगितली जाणारी गोष्ट कुणी न तपासता तीस वर्षं फिरत होती. तुझ्या संदर्भसूचीत ४१ नोंदी आहेत. त्यातल्या किती तू स्वतः उघडल्यास?

गाइडबद्दल तू घाबरत घाबरत विचारलं होतंस. त्यांना विरोध करायचा का? करायचा, आकडे समोर ठेवून. न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प सेंटरवर १९७८ मध्ये प्रिन्स्टनच्या डायन हार्टली या विद्यार्थिनीने पदवीचा प्रबंध लिहिला. त्या इमारतीचे खांब कोपऱ्यांत नाहीत, चारही बाजूंच्या मध्यावर आहेत. वारा सरळ भिंतीवर आला तर काय होतं, हे गणित सगळेच करतात. तिने कोपऱ्यावर तिरका येणाऱ्या वाऱ्याचंही केलं आणि स्ट्रेस जास्त आला. संरचना करणाऱ्या कार्यालयाकडे विचारणा केली, तिथून ‘काळजीचं कारण नाही’ असं सांगण्यात आलं, आणि तिने ते मानलं. त्याच वर्षी मुख्य अभियंता विल्यम लेमेझुरिए यांनी गणित पुन्हा तपासलं आणि रात्री-रात्री सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. लोकांना हे कळलं १९९५ मध्ये. मी तिला दोष देत नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने आणखी काय करायचं? पण तुला सांगते, ‘काळजी नको’ हे उत्तर मिळालं तर ‘ते गणित मला बघायला मिळेल का?’ एवढं नम्रपणे विचार. चांगला गाइड यावर रागावत नाही. रागावलाच तर तेही वेळेत कळलेलं बरं.

वहीबद्दल मात्र माझीच फजिती सांगते. मी पदवीला असताना क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग अल्कलीत किती वेगाने उडतो ते मोजत होते. काही दिवस वेग नेहमीसारखा, काही दिवस जवळपास दीडपट. मी हवेत! काहीतरी नवं हाती लागलंय म्हणून तीन आठवडे घरात कुणाशी धड बोलले नाही. बाईंनी वही मागितली. तापमानाच्या रकान्यात पहिल्या दिवशी आकडा होता आणि त्याखाली ओळीने सगळीकडे ‘कालप्रमाणेच’. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी थर्मामीटर आणून वहीवर ठेवला. जास्त वेगाचे दिवस म्हणजे मी दुपारी काम केलेले दिवस होते. खोली तापली की विक्रियाही पळत होती. तीन आठवड्यांतलं एकही माप वापरता आलं नाही, कारण खरं तापमान मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून सांगते, वहीत ‘तसंच’, ‘नेहमीप्रमाणे’, ‘वरीलप्रमाणे’ लिहायचं नाही. तारीख, वेळ, आकडा, बाटलीवरचा बॅच क्रमांक. चुकलेलं एका रेघेने खोडायचं, वाचता आलं पाहिजे. जुनी कागदपत्रं वाचायला बसलीस तरी हेच: कुठला दप्तरखाना, कुठली पेटी, कितवं पान, आणि पानाची मागची बाजूही.

बाकीचं थोडक्यात. आठवड्याला एक पान लिही, प्रबंधाच्या भाषेत, पहिल्या आठवड्यापासून. निकाल ‘काही फरक दिसला नाही’ असा आला तर तो तसाच लिही, त्यावर मुलामा नको. मात्र किती नमुन्यांवरून म्हणतेस ते शेजारीच दे. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांची पत्रं येतील, ती पुसून टाक. लेखक म्हणून कुणाचं नाव येणार हे सुरुवातीलाच विचारून घे. संकोच वाटेल, पण शेवटी विचारायला त्याहून जास्त वाटतो.

मंगळवारी चार वाजता ये. चौदा पानांची दोन कर, प्रश्न एकच ठेव. वीस कण टाकून किती परत मिळाले तो आकडा सोबत आण, कितीही लाजिरवाणा असला तरी.

तुझी,
बाई

ता. क. पान नऊवर ‘हे सिद्ध झालेलं आहे’ म्हणून दिलेला संदर्भ मी उघडून पाहिला. तिथे काय आहे ते सांगत नाही. येताना त्या निबंधाची प्रत घेऊन ये, चौथ्या कोष्टकात खूण घालून.