दूध संकलनाचे आकडे जुळत नाहीत. तिसरं सॉफ्टवेअर घेऊ की बिझनेस ॲनालिस्ट बोलावू?

तुम्ही लिहिलंय की चौदा गावांतून गायीचं दूध गोळा करता, दोन वर्षांत दोन सॉफ्टवेअर बदलली, तरी गावांची बेरीज आणि चिलिंग सेंटरवरची बेरीज जुळत नाही. आता कुणीतरी 'बिझनेस ॲनालिस्ट बोलावून प्रोसेस मॉडेलिंग करून घ्या' असं सुचवलंय आणि ते नक्की काय असतं हे तुम्हाला हवंय. मी बरीच वर्षं हेच काम करतो, त्यातली निम्मी दूधधंद्यातच गेली. तिसरं सॉफ्टवेअर तूर्त घेऊ नका.

प्रोसेस मॉडेलिंग म्हणजे दूध बादलीतून निघाल्यापासून दहा दिवसांनी त्याचं बिल खात्यावर पडेपर्यंत कुणाकुणाच्या हातून जातं आणि प्रत्येक जण कुठे काय लिहितो, हे कागदावर काढणं. यासाठी बीपीएमएन नावाची चित्रभाषा आहे. तिची सध्याची दुसरी आवृत्ती २०११ ची. तिच्यात चिन्हांचा नुसता खच पडलाय. मला पाच-सहा पुरतात: सुरुवात, शेवट, काम, निर्णय, बाण आणि पट्टे. त्यातले पट्टे सगळ्यात कामाचे. शेतकऱ्याचा एक, गावात दुधाचा फॅट तपासणाऱ्या टेस्टरचा एक, टँकरवाल्याचा एक, सेंटरचा एक, हिशेबनिसाचा एक. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारतो तिथे बोट ठेवा, आकडा बहुतेक तिथेच बिघडलेला असतो.

हे चित्र ऑफिसात बसून काढू नका. मी पहिल्यांदा तसंच काढलं होतं, मॅनेजरला विचारून, रंगीत प्रिंट वगैरे. ते घेऊन एका गावच्या टेस्टरकडे गेलो तर तो म्हणाला, "साहेब, लाइट नसते तेव्हा आम्ही काय करतो ते कुठंय यात?" लाइट नसली की मशीन बंद, मशीन बंद म्हणजे फॅट नाही, आणि फॅट भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. मग तो कालचा फॅट टाकायचा. वर्षभर चाललं होतं. त्या डेअरीची (नाव सांगत नाही) नोंदवही तेवढी दिसायला चकाचक, एकही रकाना रिकामा नाही!

तुमच्या बाबतीत मी आधी लिटर-किलोकडे बघेन. गावात माप लिटरमध्ये आणि सेंटरवर टँकर काट्यावर, म्हणजे किलोत. गायीचं एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. ५,००० किलोचा टँकर म्हणजे सुमारे ४,८५४ लिटर. एखाद्यानं किलोचा आकडा लिटरच्या रकान्यात तसाच लिहिला, की रोज जवळजवळ दीडशे लिटर दूध हवेतून तयार होतं. घट असली की लोक लगेच चोरी शोधायला धावतात, वाढीकडे मात्र कुणी बघत नाही. आणि खरी घट या खोट्या वाढीखाली झाकली जाते, हा त्यातला जास्त वाईट भाग.

दुसरं एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग. गावात लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीच्या) डिग्रीवरून एसएनएफ काढत असाल तर सूत्र कोणतं वापरता? कुठे डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक ०.३६ असं असतं. कुठे फॅटच्या ०.२५ पट आणि ०.४४. डिग्री २८ आणि फॅट ३.५ धरा: पहिल्यानं ८.०६ येतो, दुसऱ्यानं जवळजवळ ८.३२. गायीच्या दुधाला किमान ८.३ एसएनएफ लागतो, म्हणजे तेच दूध एका सूत्रानं नापास आणि दुसऱ्यानं पास. गावचं सॉफ्टवेअर एक सूत्र धरतं आणि सेंटरचं दुसरं, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. वर नुकतंच काढलेलं दूध लॅक्टोमीटरला हलकं दाखवतं, तासा-दोन तासांनी तेच जड होतं. गावात धार काढल्या काढल्या माप आणि सेंटरवर थंड करून माप, मग आकडे जुळणार कसे? यात कुणाची लबाडी नाही, पण चित्रात प्रत्येक मापाशेजारी वेळ, तापमान, एकक आणि सूत्र लिहिलं नाही तर हे कळायचं नाही.

लबाडी, किंवा खरं तर भीड, दुसरीकडे असते. तुमचा दर बहुधा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या पायावर असेल आणि खाली गेलं की पॉइंटमागे कपात. गेल्या तीन बिलांचे फॅट घ्या आणि ३.३, ३.४, ३.५, ३.६ प्रत्येकी किती वेळा आलेत ते मोजा. ३.५ चा डोंगर आणि त्याच्या अलीकडे दरी दिसली, तर टेस्टर आकडा वर ढकलतोय. त्याला रागावून काही होत नाही. ज्याचं ३.४ लिहायचं तो त्याचा चुलता असतो आणि त्याला गावातच राहायचंय. मशीनचा आकडा थेट उतरू द्या, हातानं बदलला तर तशी खूण पडू द्या.

आणि मग सभासदाचा कोड. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सभासद' म्हणजे कोण? दूध घालायला येणारा मुलगा, गोठ्याचा मालक बाप, की जिच्या खात्यावर पैसे जातात ती आई? २०२४ मध्ये राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा आधार जोडलेलं बँक खातं आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर मागितला. एका कोडखाली तीन माणसं कोंबलेल्या डेअऱ्यांची तेव्हा जी धावपळ झाली ती मी जवळून पाहिली. खातं एकाचं, बिल्ला दुसऱ्याच्या नावावर, कोड तिसऱ्याचा. टायपिंग कितीही नीट केलं असतं तरी हे सुटलं नसतं, कारण चूक तक्त्यातच होती. दूध घालणारा, खातेदार आणि जनावराचा मालक अशा तीन वेगळ्या नोंदी हव्यात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या हव्यात. डेटा मॉडेलिंग म्हणतात ते हेच.

ॲनालिस्ट बोलवायचा तर बोलवा, पण त्याला आधी विचारा, सकाळी सहाला केंद्रावर येणार का. 'नुसता डेटा पाठवा' म्हणाला तर पैसे वाचवा.

त्या लाइटवाल्या डेअरीत आम्ही शेवटी सॉफ्टवेअर बदललंच नाही. फॅटच्या रकान्याशेजारी 'तपासला नाही' असं एक बटण वाढवून घेतलं आणि अशा दिवशी त्या शेतकऱ्याच्या मागच्या दहा दिवसांच्या सरासरीनं पैसे द्यायचे असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात ते बटण इतक्यांदा दाबलं गेलं, की मालकानं चार केंद्रांवर इन्व्हर्टर बसवले.