तुमचे प्रश्न : हाडं दुधावाचून मोडत नाहीत

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा. आत्तापर्यंत तीनदा हाड मोडलं, एकदा तर नुसतं पलंगावरून उतरताना. मला मामाच्याच घरी दिलंय, त्यामुळं सासूबाई म्हणजे माझी मामीच. त्या म्हणतात, तू दूध पाजलं नाहीस, पोराला नीट धरलं नाहीस. आता तपासणीत ‘टीएमईएम३८बी’ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष निघालाय. हे काय असतं? त्यातच धाकट्या बहिणीचं माझ्या दिराशी ठरवायचं चाललंय.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ताई, हे आधी मामींना वाचून दाखवा. गंगावेशीत रोज म्हशीखाली चरवी धरून धारोष्ण दूध पाजलं असतं, तरी ही हाडं मोडलीच असती. पांढऱ्या रश्श्यानंही ती जुळणार नाहीत.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. आत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा तीन पदरी दोर असतो, चुना त्यावर बसतो. (तुमच्या पायातली कापशी चप्पल टिकते तीही कोलॅजेनवरच, चामडं म्हणजे दुसरं काय?) हा दोर पेशीतल्या एका जाळीदार कप्प्यात वळला जातो. त्या कप्प्याच्या पडद्यात पोटॅशियमसाठी एक वाट असते, ती या जनुकामुळं तयार होते. कप्प्यातून कॅल्शियम बाहेर पडलं की विद्युतभाराचा तोल राखायला पोटॅशियम त्या वाटेनं आत येतं. वाट नसली की कॅल्शियमची ये-जा बिघडते, दोर नीट वळला जात नाही आणि बराचसा आतच अडकून पडतो. यात तुमच्या हातांचा काय दोष?

ठिसूळ हाडांच्या आजाराचा हा चौदावा प्रकार, फार विरळा. २०१२ मध्ये सौदी अरेबियातल्या कुटुंबांत या जनुकाचा संबंध दिसला. तिथंही नात्यातलीच लग्नं. तुमच्याकडं दोष बहुधा आजोळचाच : आईकडून तुमच्यात, मामांकडून यजमानांत. एकेक प्रत बिघडलेली असून तुम्ही दोघं ठणठणीत आहात, पण दर गरोदरपणात २५ टक्के धोका आहे. पुढचं मूल हवं असेल तर आधी जनुकीय सल्लागाराला भेटा.

मुलासाठी हाडं बळकट करणारी बिस्फॉस्फोनेटची सलाईन, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम, सगळं हाडांच्या बालतज्ज्ञांच्या सल्ल्यानं. अहवालाची प्रत पर्समध्ये ठेवा. नव्या दवाखान्यात ‘कुणी मारलं का?’ असं विचारतात, आणि ते विचारणं चूक नाही.

आता बहीण आणि दीर. तुमच्यासारखेच तेही वाहक, म्हणजे एक प्रत बिघडलेले, असण्याची शक्यता प्रत्येकाची निम्मी. म्हणजे त्यांच्या प्रत्येक बाळाला १६ त १ धोका. पण अंदाज कशाला बांधायचा? नेमका बदल तुमच्या अहवालात लिहिलेला आहे, तेवढाच दोघांच्या रक्तात शोधायचा. दोघांपैकी एक जरी मोकळा निघाला तरी या आजाराची भीती उरत नाही. सुपारी त्यानंतर फोडा.