हाय-रेझसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची ‘हाय-रेझ’ (सीडीपेक्षा जास्त तपशील साठवणारी) फाइल ऐकून तुम्ही भारावला असाल, तरी महागडा डीएसी (डिजिटल फाइलचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) घेण्याची घाई करू नका. १९८२ साली आलेल्या सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत, त्याच्या निम्मे, सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी मावतात. माणसाचा कान, तोही तरुणपणी, जेमतेम २० पर्यंत पोहोचतो.

२०१४ साली आलेल्या ‘एमक्यूए’ या हाय-रेझ फाइल-स्वरूपाचा केवढा गाजावाजा झाला! प्रत्यक्षात त्यात काही माहिती गळतच होती. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या वाटेला लागली आणि पुढच्याच वर्षी टायडल या ऑनलाइन संगीतसेवेने ते स्वरूप वगळले. आपल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या उद्या कोणी १९२ किलोहर्ट्झमध्ये विकल्या, तरी वाढीव जागेत खरखरच साठणार.

परीक्षा घरीच घ्या. हाय-रेझ फाइल स्वतः १६ बिट, ४४.१ मध्ये उतरवा, दोन्हींची पातळी काटेकोरपणे समान करा, कारण किंचित मोठा आवाजही कानाला ‘अधिक स्पष्ट’ वाटतो, आणि कोणती चालू आहे हे न सांगता घरच्यांना त्या आलटूनपालटून लावायला सांगा. संगीत कंपनीने दिलेल्या दोन वेगळ्या प्रतींची तुलना मात्र करू नका. त्यांचे मास्टरिंगच (प्रकाशनापूर्वी आवाजावर केलेला शेवटचा संस्कार) बहुधा निराळे असते. फरक ओळखता आला नाही, तर ते पैसे स्पीकरवर खर्च करा.