ड्रमर चाल बांधतो तेव्हा

गेल्या अंकात मी जॅक डिजॉनेट यांच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. जॅझमधले हे थोर ड्रमर २०२५ च्या ऑक्टोबरात गेले. त्या ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावीत आहे, ड्रम शिकते. आता तिला स्वतःच्या चाली करायच्या आहेत आणि स्वतःचा ग्रुपही काढायचा आहे. तिचे बाबा म्हणतात, चाल करणं गाणाऱ्याचं नाहीतर पेटीवाल्याचं काम, ड्रमवाल्याने ठेका धरावा. जेवताना रोज हाच विषय. ड्रमरने चाली बांधून छोटा संच चालवला, असं काही ऐकण्याजोगं आहे का? कुठून सुरुवात करू? आणि ग्रुपसाठी माणसं कुठून आणू?
*एक आई, त्रिमूर्तीनगर*

उत्तर : तुमच्या यजमानांचं म्हणणं मला चांगलं ओळखीचं आहे. तबल्याची साथ करण्यात माझा जन्म गेला. कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझं नाव कोणत्या कोपऱ्यात आणि किती बारीक छापतात, हे मी बघत आले आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा जीव ओतून देते.

आधी टोनी विल्यम्स यांचा ‘लाइफ टाइम’ लावा, आणि बाबांनाही सोबत बसवा. ब्लू नोट कंपनीसाठी हा अल्बम ऑगस्ट १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा विल्यम्स अठरा वर्षांचे होते. तुमच्या लेकीहून थोडेच मोठे! ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचात ते त्याआधी वर्षभरापासून वाजवतच होते. अल्बममधल्या सगळ्या चाली त्यांनी बांधलेल्या. यातली शेवटची ‘बार्ब्ज साँग टू द विझर्ड’ नीट ऐका. पियानोवर हर्बी हॅन्कॉक, बेसवर रॉन कार्टर, आणि ड्रम नाहीतच. मुखपृष्ठावर ज्यांचं नाव, ज्यांची चाल, ते स्वतः त्या तुकड्यात एक ठोकासुद्धा वाजवत नाहीत. या चालीला दोघंच पुरेत, असं त्यांनी ठरवलं. अठराव्या वर्षी हे सुचणं आणि ते करायची हिंमत होणं मला फार मोठं वाटतं. तालवाद्य वाजवणाऱ्याला चालीतलं काय कळतं, असं बाबा पुन्हा म्हणाले तर वाद घालू नका, हा तुकडा परत लावा.

त्यानंतर पॉल मोशन. माझा जीव यांच्यावर आहे, ते लपवत नाही. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रिकुटाचं जे गाजलेलं ध्वनिमुद्रण झालं, त्यात ड्रमवर हेच होते. पण आपल्या नावाचा पहिला अल्बम, ‘कन्सेप्शन व्हेसल’, त्यांनी काढला तो १९७० नंतर, चाळिशी ओलांडल्यावर. चाली ते पियानोवर बसून बांधत. मुलीला मात्र आधी ‘इट शुड हॅव हॅपन्ड अ लाँग टाइम अगो’ ऐकवा. १९८४ चं ध्वनिमुद्रण, गिटारवर बिल फ्रिझेल, सॅक्सोफोनवर जो लोव्हानो. तिघंच, आणि बेस नाही. खर्ज धरून ठेवणारं कुणीच नाही म्हटल्यावर चालीचा सगळा भार तिघांच्या एकमेकांना ऐकण्यावर येतो. मोशन राइड या मोठ्या झांजेवर एक ठोका देतात आणि तो विरेपर्यंत काहीच करत नाहीत. मग तारांचा ब्रश स्नेअर या छोट्या ड्रमवरून नुसता ओढल्यासारखा. आपल्याला वाटतं आता सम येईल, तिथे ते गप्प. पुढच्याच क्षणी झांज किंचित उशिरा पडते आणि लोव्हानोंची ओळ तिथेच येऊन टेकते. चाली अगदी लहान, कुणी सहज गुणगुणावं अशा. हे त्रिकूट १९८० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं एकत्र वाजवत राहिलं. २०११ मध्ये मोशन गेले.

आता कामाचं. मुलीला जुना का होईना, एक कीबोर्ड घेऊन द्या. डिजॉनेट तर ड्रमच्या आधी पियानो शिकले होते. त्यांच्या १९७९ च्या ‘स्पेशल एडिशन’ अल्बममध्ये दोन सॅक्सोफोन एकमेकांना भिडतात, आणि त्या दोघांना कुठे एकत्र आणायचं, कुठे सोडायचं, हे बांधणाऱ्याच्या कानात पक्कं असल्याचं जाणवतं. त्यातलं ‘वन फॉर एरिक’ जरूर ऐका. सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फींच्या आठवणीत केलेलं आहे. ड्रमर मॅक्स रोच हेही पुढे नाव झाल्यावर न्यूयॉर्कमध्ये रीतसर संगीतरचना शिकले. तेव्हा मुलीने आधी ओळ गावी, मग कीबोर्डवर शोधावी, आणि ड्रमवर सगळ्यात शेवटी बसावं.

ग्रुपसाठी माणसं कुठून आणायची, हेही विचारलं आहे. गिटारवाले कॉलेजात मिळतील. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे मात्र आपल्या नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये आहेत, आणि त्यांतले काही फार सुरेल आहेत. लग्नसराई उतरली की त्यांना वेळ असतो. वाजवण्याचे पैसे ठरवून, मानाने बोलवा. वरातीत भर उन्हात तासन् तास फुंकणाऱ्या माणसाचा दम काय असतो, ते तिलाही कळेल.

बाबांसाठी एक नाव राहिलं, आर्ट ब्लेकी. त्यांनी चाली फारशा केल्या नाहीत. संचातल्या पोरांकडून करवून घेतल्या. ऑक्टोबर १९५८ मध्ये मुद्रित झालेलं ‘मोनिन’ हे त्यांचे पियानोवादक बॉबी टिमन्स यांचं. वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, विन्टन मार्सालिस असे किती तरी जण या एका ड्रमरच्या हाताखालून गेले.

प्रश्न : मुलाने मला मॅक्स रोच यांचा ‘वी इन्सिस्ट’ लावून दिला. सुरुवात आवडली. पण मध्येच त्या गायिका चक्क किंचाळतात, तेही बराच वेळ. घरातले सगळे बाहेर आले. मी आयुष्यभर शास्त्रीय संगीत ऐकलं. याला संगीत म्हणायचं का, हे मनापासून विचारतो.
*निवृत्त शिक्षक, महाल*

उत्तर : सर, म्हणायचं, आणि का ते सांगते.

हा अल्बम १९६० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कॅन्डिड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ग्रीन्सबोरो गावी चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. मुखपृष्ठावर तेच आहे : काउंटरवर बसलेले तीन काळे पुरुष, मागे गोरा वाढपी, आणि तिघं सरळ आपल्याकडे बघताहेत. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मेली. अल्बममधला ‘टीअर्स फॉर जोहान्सबर्ग’ हा तुकडा त्या दुःखातून आला. शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियर यांचे, गायिका अ‍ॅबी लिंकन.

पहिलं गाणं ‘ड्रायव्हा मॅन’, गुलामांवर चाबूक घेऊन उभ्या असणाऱ्या मुकादमावरचं. पाच मात्रांचं आवर्तन, आणि पहिल्या मात्रेवर रोच स्नेअरच्या कडेवर असा फटका मारतात की अंग आक्रसतं. तो चाबूक आहे. पुन्हा पुन्हा, त्याच जागी, जराही न चुकता. कोलमन हॉकिन्स यांच्यासारखा बुजुर्ग टेनर सॅक्सोफोन त्या फटक्यांच्या मधल्या जागेत गातो. तुम्हाला सुरुवात आवडली म्हणता, म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचलेलं आहे.

तुम्ही म्हणता ती किंकाळी ‘ट्रिप्टिक’मधली. तीन भाग आहेत : प्रार्थना, निषेध, शांती. पूर्ण तुकड्यात एकही शब्द नाही आणि दोनच माणसं आहेत, लिंकन आणि रोच. पहिल्या भागात बाईंचा आवाज हुंकारासारखा, ड्रम त्याला उत्तर देत जातात. दुसऱ्या भागात किंकाळी. त्या वेळी रोच काय करतात तिकडे कान द्या. ते बाजूला होत नाहीत आणि तो आवाज झाकतही नाहीत. खालून सतत घुमत राहतात. मग तिसऱ्या भागात दमलेला श्वास, आणि हळूहळू परत सूर. तिसरा भाग ऐकायच्या आत तुमच्या घरच्यांनी बंद करायला लावलं असावं, असा मला दाट संशय आहे. एकदा दार लावून, पहिल्यापासून, तिन्ही भाग सलग ऐका.

तुम्ही नागपूरचे. विजयादशमीच्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसरात भीमगीतं ऐकली असतील, आंबेडकरी जलशांविषयी जुन्या लोकांकडून ऐकलं असेल. तिथे शाहिराचा आवाज एखाद्या जागी फाटतो तेव्हा आपण त्याला बेसूर म्हणत नाही. अख्खं गाणं त्याला तिथवर घेऊन आलेलं असतं. रोच आणि लिंकन यांनी तेच केलं आहे. ही रचना ड्रमरची आहे, हेही लक्षात ठेवा. सुरांनी सांगून झाल्यावर उरलेलं कुठे ठेवायचं, ते त्यांना ठाऊक होतं.

शास्त्रीय संगीताचा कान असल्यामुळे तुम्हाला त्यांचा १९६६ चा ‘ड्रम्स अनलिमिटेड’ जास्त जवळचा वाटेल. त्यात ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ नावाचा तुकडा आहे, एकट्या ड्रमचा. तीन मात्रांत पाय चालू असतात : एक ठोका बेस ड्रमवर, पुढचे दोन हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजजोडीच्या, टाळीवर. ते जवळजवळ अखंड चालतं. वर दोन्ही हात वाक्यं बोलतात, मध्ये थांबतात, आधीचं वाक्य थोडं बदलून परत बोलतात. तबल्याच्या सोलोला लहरा, म्हणजे पेटी-सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजणारी ओळ, असतो; त्याच्या आधाराने आपण पेशकार-कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांचा विस्तार, मांडतो. इथे लहराही रोचच वाजवतात आणि कायदाही तेच, चार अवयवांत वाटून घेतलेला. मी माझ्या विद्यार्थ्यांना हा तुकडा ऐकवते आणि वाजवायला न बसता आधी तोंडाने म्हणायला लावते. पायाचं म्हणत म्हणत हाताचं म्हणून बघा, मग कळेल.

प्रश्न : मी तबला विशारद करतोय. ‘ड्रायव्हा मॅन’ आणि ‘टेक फाइव्ह’ दोन्ही पाचात आहेत. म्हणजे झपताल समजून मोजले तर चालेल ना?
*विद्यार्थी, नंदनवन*

उत्तर : चालणार नाही. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन असा, आणि सहाव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा (टाळीची ती भरी). तिथे आवर्तन श्वास घेतं. १९५९ च्या ‘टेक फाइव्ह’मध्ये डेव्ह ब्रुबेक पियानोवर जी आकृती धरून बसतात ती तीन आणि दोन अशी पडते आणि खाली-भरीचा प्रश्नच येत नाही. (चाल सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची, ड्रमर जो मोरेलो.) ‘ड्रायव्हा मॅन’मध्ये तर पहिल्या मात्रेचा फटका हेच सगळं. हात मांडीवर ठेव, बोटं मोजू नकोस, आणि पियानो किंवा फटका जिथे परत येतो तिथे फक्त मान हलव. परीक्षा झाली की क्लासवर ये, दोन्ही वाजवून बघू.

प्रश्न : सगळी नावं परदेशातलीच का? आपल्याकडचं कुणी नाही?
*वाचक, धरमपेठ*

उत्तर : आहेत ना! त्रिलोक गुर्टू. मुंबईचे, शोभाताई गुर्टूंचे चिरंजीव. तबला आणि ड्रम दोन्ही त्यांच्या हातात आहेत, आणि बैठक अशी की ड्रमच्या स्टुलावर न बसता बरेचदा जमिनीलगत, गुडघ्यावर. झांजा आणि शंखशिंपल्यांच्या माळा पाण्याच्या बादलीत बुडवून वर काढतात, तेव्हा सूर वाकतो. ‘ऑरेगॉन’ या संचातले कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर त्या संचात गुर्टूंनी काही वर्षं वाजवलं, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटातही होते.

त्यांच्या नावावरचा ‘उसफ्रेट’ १९८८ चा. त्यात शोभाताईंचा आवाज आहे, आणि ट्रम्पेटवर डॉन चेरी. मुलगा चालवतो त्या संचात ठुमरीची एवढी मोठी गायिका येऊन गाते, आणि मुलगा तिच्या आवाजाभोवती ड्रम, तबला, बोल सगळं मांडतो. शोभाताईंच्या ठुमऱ्या आणि मराठी चित्रपटगीतं ज्यांच्या कानात आहेत, त्यांना पहिल्यांदा जरा गोंधळल्यासारखं होईल. होऊ द्या, दुसऱ्यांदा लावा. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बेस ड्रम आणि डग्गा दोन्ही त्यात नाहीसे होतात. साधा हेडफोन पुरे. हा पचला की १९९३ चा ‘क्रेझी सेंट्स’ घ्या, त्यात कीबोर्डवर जो झाविनूल आणि गिटारवर पॅट मेथिनी आहेत.